ऐतिहासिक गुन्ह्याचा खेळ आणि पुराव्याचा प्रश्न

प्रत्यक्ष घडलेला गुन्हा संगणकावर खेळावयास देणाऱ्या कृतींचा विचार सामान्यतः नीतीच्या अंगाने होतो. इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम पुराव्याचा प्रश्न विचारावयास हवा. २००४ साली स्कॉटलंडमधील एका संस्थेने ‘जेएफके रीलोडेड’ हा खेळ काढला. खेळणाराने मारेकऱ्याच्या जागी बसून अध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडावयाच्या. त्या वॉरेन आयोगाच्या १९६४ च्या निष्कर्षांशी जितक्या जुळतील तितके गुण अधिक. म्हणजे ज्या अहवालाची चिकित्सा व्हावयाची, तोच येथे परीक्षक झाला.

ही रीत मराठवाड्याच्या १९४८ च्या इतिहासास लावून पाहावी. लोहा ज्या नांदेड जिल्ह्यात येते, तेथे आधी रझाकारांचे अत्याचार झाले. सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला व त्यात रझाकारांशी संबंध नसलेलेही बळी पडले. पंडित सुंदरलाल समितीने हैदराबाद संस्थानातील या दुसऱ्या पर्वातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेडची गणना केली. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला.

येथे गुण कशाशी ताडून द्यावयाचे? खेळास एक निश्चित उत्तर लागते; समितीच्या दोन आकड्यांतच १३ हजारांचे अंतर आहे. त्या अंतरातील माणसांची नोंद आपणांजवळ नाही, हे स्पष्टपणे सांगणे इतिहासलेखकाचे कर्तव्य होय. खेळाच्या गणितात त्यास जागा नाही, हाच त्याजवरील मुख्य आक्षेप.