'सैराट'चा आलेख आणि मेमरी कार्ड

'सैराट' किती गाजला हे सिद्ध करायचं असेल, तर आज आपण गूगल ट्रेंड्स उघडतो. सिनेमा २९ एप्रिल २०१६ ला आला. त्या उन्हाळ्यात रेष सुळक्यासारखी वर जाते, मग उतरते. बघणारा म्हणतो, चार महिन्यांत ओसरली की लाट!

मी पोटापाण्यासाठी असेच आलेख बनवतो, त्यामुळे माझी नजर आधी छेदाकडे जाते. ट्रेंड्समधला १०० हा माणसांचा आकडा नसतो. निवडलेल्या काळात त्या शब्दाचा एकूण सर्चमधला वाटा जेव्हा सर्वांत जास्त असतो, त्या क्षणाला १०० म्हणतात. बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. समजा, एका महिन्यात एक कोटी सर्च झाले आणि त्यातले दहा हजार एका गाण्याचे. पुढे एकूण सर्च दोन कोटी झाले, गाण्याचे दहा हजारच राहिले. शोधणारे तेवढेच, पण रेष निम्म्यावर.

आता तारीख आठवा. जिओ सुरू झालं ५ सप्टेंबर २०१६ ला, म्हणजे 'सैराट'नंतर चार महिन्यांनी. स्वस्त डेटामुळे नेटवर प्रचंड गर्दी आली आणि छेदच बदलला. त्याआधीच्या आणि नंतरच्या सिनेमांची रेष शेजारी ठेवून 'कोण मोठं' ठरवणं म्हणूनच धोक्याचं. खुद्द गूगलनंही आलेखावर २०११, २०१६ आणि २०२२ च्या जानेवारीत मोजणीची पद्धत सुधारल्याची खूण करून ठेवलीय. आपण ती वाचत नाही, एवढंच.

दुसरा प्रश्न, सर्च म्हणजे आवड का? गूगलनं २००८ मध्ये सर्चवरून फ्लूची साथ ओळखायचा प्रयोग सुरू केला. २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्याचा अंदाज अमेरिकी सरकारी आकड्यांच्या जवळपास दुप्पट निघाला. बातम्यांनी धास्तावलेले, धडधाकट लोकही लक्षणं शोधत असावेत, असं एक कारण तेव्हा दिलं गेलं. २०१५ मध्ये प्रयोग बंद झाला. सिनेमाचंही तसंच. वाद ऐकून शोधणारा, फुकट डाउनलोड शोधणारा आणि पाचव्यांदा थिएटरात जाणारा, यांतला शेवटचा कदाचित काहीच शोधत नाही.

मला सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. २०१६ मध्ये तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. एकाकडून दुसऱ्याकडे ती ब्लूटूथनं जायची. 'झिंगाट' वरातीत, टमटममध्ये, गणपतीत वाजलं ते असंही. या प्रवासात सर्च कुठेच नाही. त्यामुळे आलेखात तो माणूस शून्य. आणि ट्रेंड्सचा डेटा २००४ पासूनचा, म्हणजे १९९१ च्या 'माहेरची साडी'ला गर्दी करणाऱ्या बायका तर त्याच्या हद्दीबाहेरच.

आलेख टाकाऊ नाही. कुतूहल कधी भडकलं, हे तो चांगलं सांगतो. पण तो एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. सिनेमा किती आठवडे चालला, बँडवाल्यांकडे कोणत्या गाण्याची फर्माईश होती, हेही विचारायला हवं. उद्या कुणी आपल्या पिढीच्या करमणुकीचा इतिहास फक्त या रेषेवरून लिहिला, तर त्यात आधी नेट परवडणारेच दिसतील. गाणी भरून देणारी ती दुकानं आता बंद होतायत किंवा कव्हर-ग्लास विकतायत. पण कोणतं गाणं दिवसाला कितीदा भरलं, हे त्या दुकानदारांना अजून आठवत असेल. त्यांना विचारायला हीच वेळ आहे.