माळ्यावरचे बिऱ्हाड

माळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? पावसाळ्यासाठी राखलेले सरपण, बियाण्याची गाडगी, लसणाच्या जुड्या, एखादा मोडका पाळणा. माळ्यावर कोणी राहत नाही. लग्नघरी पाहुणे फार झाले, तर पोराटोरांची अंथरुणे तेवढी वर जातात. आता जगातल्या एका फार श्रीमंत शहरात लोक महिन्याला हजारो डॉलर भाडे मोजून माळ्यावर बिऱ्हाड करतात, असे मी सांगितले तर तुम्ही म्हणाल, "राव, थट्टा करता काय?" थट्टा नव्हे. ती एक मोठी लांबलचक हकीकत आहे, आणि तिच्यात आपण विचार करावा असे पुष्कळ आहे.

ते शहर न्यूयॉर्क आणि ती वस्ती सोहो. हाउस्टन नावाच्या रस्त्याच्या दक्षिणेचा भाग, म्हणून त्या इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरे जोडून हे सुटसुटीत नाव पडले. तिथल्या घरांना 'लॉफ्ट' म्हणतात. लॉफ्ट म्हणजे माळाच; पण आपला पोटमाळा नव्हे. मुंबईकर 'तिसऱ्या माळ्यावर राहतो' म्हणतो, तसा तो अख्खा मजला असतो. मध्ये भिंत नाही, नुसती खांबांची रांग. छत इतके उंच की हात वर करून उडी मारली तरी पोचणार नाही. आणि रस्त्याच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडक्या. राहण्यासाठी असे घर कोण बांधील? कोणीच नाही. ही घरे राहण्यासाठी बांधलेलीच नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा भाग कापडाच्या व्यापाराची मोठी पेठ होता. खाली दुकान किंवा वखार, वर शिवणकामाचे कारखाने. व्यापाऱ्याला इमारत झटपट हवी, दिसायला भारदस्त हवी आणि आत उजेड हवा, कारण विजेचे दिवे अजून यायचे होते. त्यावर तोडगा निघाला ओतीव लोखंडाचा. कमानी, खांब, नक्षी हे सारे ओतशाळेत साच्यात ओतायचे, जागेवर आणून बोल्टांनी जोडायचे आणि दगडासारखा दिसेल असा रंग द्यायचा. लोखंडी खांब बारीक असूनही भार पेलतो, म्हणून खांबाखांबांमध्ये मोठाल्या खिडक्या बसवता आल्या. मुंबईत काळा घोड्याजवळ वॉटसनच्या हॉटेलाची इमारत उभी राहिली, तीही अशीच. तिचे लोखंडी भाग इंग्लंडात तयार होऊन बोटीने आले होते. सोहोतल्या हॉवूट नावाच्या पाच मजली दुकानात 1857 साली एलिशा ओटिस याने माणसांसाठी वाफेवर चालणारा पाळणा बसवला. दोर तुटला तरी पाळणा खाली कोसळू नये अशी त्याची युक्ती होती. आज उंच इमारतीत जी लिफ्ट असते, तिची वंशावळ इथवर येऊन पोचते.

परंतु शिक्षकमित्रांनो, वर्गात ही माहिती सांगाल तेव्हा एक गोष्ट विसरू नका. त्या खिडक्या देखावा बघायला नव्हत्या, सुई ओवायला होत्या. त्या उजेडात देशोदेशींहून आलेल्या गरीब बायका आणि पोरी दिवसदिवस शिवत बसत. सोहोच्या जरा उत्तरेला अशाच एका उंच इमारतीत ट्रायँगल नावाचा झंपरांचा कारखाना होता. 25 मार्च 1911 रोजी तेथे आग लागली. बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते. 146 जीव गेले; त्यांत बहुतेक तरुण मुली. त्या आगीनंतर न्यूयॉर्क राज्यात कारखान्यांचे कायदे कडक झाले.

पुढे काळ पालटला. मालाची ने-आण मोटार-ट्रकांनी होऊ लागली आणि कारखान्यांना शहराबाहेर ऐसपैस, एकमजली जागा सोयीची वाटू लागली. मजल्यावर मजले असलेल्या जुन्या इमारतींत चिंध्या, कागद, पुठ्ठे असला जळाऊ माल भरला. वरचेवर आगी लागत. बंबवाले या भागाला 'नरकाचे शंभर एकर' म्हणू लागले. शहराचे कारभारी म्हणाले, हे सगळे पाडा. रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्याने तर या वस्तीच्या छाताडावरून दहापदरी उंच मोटाररस्ता न्यायचा बेत आखला होता. त्यात सुमारे 2,000 कुटुंबे उठली असती.

धरणात किंवा रस्त्यात ज्यांची जमीन गेली, त्यांना यापुढची गोष्ट समजावून सांगायला नको. कागदावर रेघ ओढणाऱ्याला रेघेखालची माणसे दिसत नाहीत. पण इथली माणसे गप्प बसली नाहीत. जेन जेकब्ज नावाची लेखिका, चर्चचे लोक, दुकानदार, रहिवासी असे सगळे सभांतून भांडले. 1968 साली एका सुनावणीत जेकब्जबाईंना अटकही झाली. अखेर 1969 साली तो रस्ता रद्द झाला. दरम्यान चेस्टर रॅपकिन या अभ्यासकाने पाहणी करून दाखवले होते की ही जागा उजाड नाही. तेथे लहान लहान धंदे चालतात आणि गोरगरिबांची पोटे त्यांवर आहेत.

याच सुमारास तेथे चित्रकार आणि शिल्पकार गुपचूप राहू लागले होते. त्यांना मोठी जागा हवी, उजेड हवा आणि खिसा रिकामा. मालकालाही रिकाम्या मजल्याचे चार पैसे येतात तर हवेच होते. पण कारखान्याच्या जागेत राहणे कायद्याने गुन्हा. न्हाणीघर नाही, चूल नाही; संध्याकाळी आणि रविवारी इमारतीची ऊब बंद, आणि बाहेर बर्फ. तपासनीस आला की अंथरूण लपवायचे, रात्री खिडकीला काळा पडदा लावायचा. नळ, वीज, जमीन सारे त्यांनी स्वतः खपून केले. 1961 साली कलावंतांनी संघटित होऊन शहराशी एक तडजोड केली: इमारतीच्या दाराशी पाटी लावायची, कोणत्या मजल्यावर माणूस राहतो ते लिहायचे. कशासाठी? आग लागली तर बंबवाल्याला कळावे की वर माल नाही, जीव आहे. भाडेकरूचा हक्क म्हणजे काय, हे त्या लहानशा पाटीने फार चांगले सांगितले आहे.

1967 साली जॉर्ज मॅच्युनस याने सोहोत कलावंतांची सहकारी घरे उभारण्याचा खटाटोप सुरू केला. सहकाराचा महिमा आपल्या भागात वेगळा सांगायला नको! 1971 साली शहराने नियम बदलून दाखला मिळालेल्या कलावंतांना तेथे राहून काम करायला मोकळीक दिली. 1973 साली 26 चौकांचा हा परिसर ऐतिहासिक म्हणून राखला गेला. ओतीव लोखंडाच्या ज्या इमारती पाडायच्या होत्या, त्याच आता शहराचा अलंकार ठरल्या.

आता गंमत पाहा. वस्तीला नाव आले तसा पैसा आला. चित्रांची दालने आली, मागून वकील आले, सावकारी पेढ्यांचे अधिकारी आले. कलावंतांसारखे राहणे ही ऐटीची बाब झाली. मालक म्हणू लागले, "जागा बेकायदा आहे, तुम्ही निघा." ज्याने नळ ओढला, जमीन घासली, तोच बाहेर! म्हणून 1982 साली न्यूयॉर्क राज्याने माळ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. ज्या इमारतींत ठरावीक मुदतीत तीन किंवा अधिक कुटुंबे राहत होती, तेथील भाडेकरूंना संरक्षण मिळाले. मालकाने आगीपासून बचावाची आणि राहण्याची व्यवस्था पुरी करावी, असे बंधन आले. हा कायदा सगळ्यांना पुरला नाही. पुढच्या काळात दालनेही भाडे परवडेना म्हणून दुसऱ्या वस्त्यांत गेली आणि त्यांच्या जागी उंची कपड्यांची दुकाने आली. जेथे बायका कपडे शिवत होत्या, तेथे कपडे पुन्हा आले. फक्त आता शिवायला नव्हे, मिरवायला. 2021 च्या डिसेंबरात शहराने पुन्हा नियम बदलले, नवी घरे बांधायला वाट दिली आणि त्यांतला काही वाटा परवडणाऱ्या घरांचा असावा अशी अट घातली.

आपल्याकडे गिरणगावाचे काय झाले ते तुम्ही जाणताच. जानेवारी 1982 मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. साताऱ्या-कोकणातल्या घराघरांतून गेलेले सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर दुकानांचे महाल आणि गगनचुंबी घरे उठली. एखाद्या इमारतीत गिरणीचे धुराडे शोभेसाठी राखलेले दिसते. धुराडे राखले ते चांगलेच झाले. पण त्याखाली राबलेला माणूस कोठे गेला, हे विचारायला नको काय?

ऐतिहासिक वस्तीतले घर भाड्याने घेणारा उंच छत पाहतो, जुने खांब पाहतो, खिडकीतला उजेड पाहतो आणि त्याचे मोल देतो. त्यात त्याचा दोष नाही. पण दगड-लोखंड जपले म्हणजे इतिहास जपला असे होत नाही. शिक्षकमित्रांनो, तुमच्या गावातही जुना वाडा असेल, बंद पडलेली सरकी काढण्याची जिनिंग असेल, पडकी चावडी असेल. एके दिवशी मुलांना तेथे घेऊन जा. कोणी बांधली, एवढेच विचारून थांबू नका. येथे कोण राबले आणि ते आता कोठे आहेत, हेही विचारायला लावा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना उत्तर ठाऊक असते. ती आहेत तोवर विचारून घ्या.