घशात अडकलेला प्रश्न

देकार्तनं केलेली शरीर-मनाची फाळणी आपण मागच्या वेळी पाहिली. तिची किंमत कुणी मोजली, ते आज पाहू.

१८७१ साली जर्मन वैद्य ट्राउबे यांनी एका मुलीचा दाबत, अडकत निघणारा आवाज नोंदवला. पुढं जवळजवळ शंभर वर्षं हा आजार मनाचाच धरला गेला. का? तर असा रुग्ण हसतो, कुजबुजतो, कधी गातोही मोकळेपणी. अडतं ते बोलताना. म्हणजे नाटकच, नाही का! निदान डॉक्टरांचं खरं, पण त्यामागची फाळणी आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची.

१९७६ मध्ये डॉ. हर्बर्ट डेडो यांनी स्वरयंत्राचा एका बाजूचा मज्जातंतू कापण्याचा उपाय मांडला. आवाज सुटला, पुढं अनेकांचा पुन्हा अडकला. मग १९८४ पासून बोटॉक्सची सुई. अलीकडं मेंदूच्या चित्रणात हालचालीच्या भागाबरोबर संवेदना घेणारा भागही वेगळा वागताना दिसला. सुई सैल करते ते घशातले स्नायू. तीन-चार महिने बरे जातात, मग परत सुई.