बुडालेलें खोरें आणि कांठावरच्या वाटा

वेल्सच्या मध्यभागीं डोंगरांच्या कुशींत रायडर नांवाचें एक लहानसें बाजाराचें गांव आहे. सुटीच्या दिवशीं जाड टायरांच्या डोंगरी सायकली घेऊन पुष्कळ मंडळी येथें येतात आणि पश्चिमेस एलान नदीच्या खोऱ्यांत शिरतात. एकापुढें एक पसरलेले जलाशय, त्यांच्या कांठानें जाणारी सपाट वाट आणि वरच्या माळावर चढत जाणाऱ्या खडकाळ वाटा पाहून नवख्यास वाटतें, कीं ही भूमि सहलीसाठींच निर्माण झाली असावी. परंतु येथील मुख्य वाटा सहलीसाठीं झालेल्या नाहींत. प्रत्येक वाट कोणाच्या तरी निकडीनें पडली, आणि त्या निकडीची किंमत कोणीतरी दिली.

यांतली एक फार जुनी वाट मठवासी साधूंची आहे. सन ११६४ मध्यें सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनीं पश्चिमेकडे स्ट्राटा फ्लोरिडा हा मठ स्थापिला. वेल्सचा राजपुरुष ऱ्हीस याच्याकडून या मठास एलानकडील डोंगराळ कुरणें दान मिळालीं. मेंढ्या पाळाव्या, लोकर विकावी आणि निर्जन ठिकाणीं ईश्वरचिंतन करावें, असा या पंथाचा क्रम. स्ट्राटा फ्लोरिडाहून पूर्वेच्या ॲबी-कूम-हिर या मठाकडे जाणारी त्यांची वाट माळावर अजून ओळखूं येते. सोळाव्या शतकांत आठव्या हेन्रीनें मठ मोडले. साधु गेले, मेंढ्या राहिल्या आणि वाटही राहिली.

पुढें साडेतीनशें वर्षें या खोऱ्याकडे जगाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. शेली हा तरुण इंग्रज कवि १८११ मध्यें येथील कूम एलान या वाड्यांत राहून गेला. पुढच्या वर्षीं नववधू हॅरिएटसह तो जवळच्याच नांटग्विल्ट वाड्यांत उतरला. हे दोन्ही वाडे आज पाण्याखालीं आहेत.

तें पाणी आलें बर्मिंगहॅमसाठीं. हें शहर इंग्लंडच्या ऐन मध्यावर, समुद्रापासून व मोठ्या नदीपासून दूर वसलेलें. एकोणिसाव्या शतकांत तेथें कारखाने वाढले, वस्ती वाढली, परंतु शुद्ध पाणी वाढलें नाहीं. दाट वस्तींत विषमज्वर, पटकी आणि अतिसार यांचे बळी पडत. जोसेफ चेंबरलेन यांच्या पुढाकारानें १८७६ मध्यें खासगी पाणीपुरवठा शहराच्या ताब्यांत आला. तरीही जवळचे झरे व विहिरी पुढच्या पिढीस पुरणार नाहींत, हें उघड होतें. अखेर नगरसभेची दृष्टि सत्तर मैल पश्चिमेस गेली. एलान खोऱ्यांत वर्षाला सुमारें ७२ इंच पाऊस पडतो. खालचा खडक पाणी झिरपूं देत नाहीं. दऱ्या अरुंद असल्यानें धरण बांधणें सोपें. आणि मुख्य म्हणजे खोरें बर्मिंगहॅमहून उंचावर आहे. यामुळें पंपाशिवाय केवळ उताराच्या बळावर पाणी शहरापर्यंत वाहत नेतां येईल, असा हिशेब जेम्स मॅन्सर या स्थापत्यविशारदानें मांडला.

सन १८९२ मध्यें पार्लमेंटनें कायदा करून खोऱ्याची जमीन सक्तीनें घेण्याचा अधिकार शहरास दिला. शंभरावर माणसांना घरें सोडावीं लागलीं. तीन वाडे, अठरा शेतवाड्या, एक शाळा आणि एक देऊळ पाण्याखालीं गेलें. देवळाच्या बदल्यांत शहरानें वरच्या बाजूस नवें देऊळ बांधून दिलें. परंतु भरपाई मिळाली ती फक्त जमीनमालकांना. पिढ्यान् पिढ्या खंडानें जमीन कसणाऱ्यांच्या व मजुरी करणाऱ्यांच्या हातीं कांहींच पडलें नाहीं. लाखोंचे प्राण वाचविणाऱ्या त्या योजनेंत मूठभर लोकांचा हा अन्याय कोणाच्या डोळ्यांत भरला नाहीं. कडक उन्हाळ्याच्या वर्षीं पाणी खालावलें म्हणजे नांटग्विल्टच्या बागेच्या भिंती वर येतात. तेवढीच त्यांची आठवण.

सन १८९३ मध्यें काम सुरू झालें. एवढें सामान डोंगरांत नेण्यास रस्ता नव्हता, म्हणून शहरानें प्रथम स्वतःची आगगाडी बांधली. फांट्यांसह तिचे रूळ सुमारें ३३ मैल पसरले होते, आणि दिवसाला हजार टनांपर्यंत माल त्यांवरून जाई. मजुरांसाठीं लांकडी घरांचें गांव वसविण्यांत आलें. नव्यानें आलेल्या मजुरास पहिली रात्र वेगळ्या निवाऱ्यांत काढावी लागे. त्याच्या अंगावरच्या उवा काढून, सांथीचा रोग नाहीं ना हें पाहूनच त्याला गांवांत घेत. चोरून दारू येऊं नये म्हणून पुलावर पहारा असे. गांवांत इस्पितळ होतें, स्नानगृह होतें, आणि शाळाही होती. मात्र ती अकरा वर्षांखालील मुलांसाठीं. त्यापुढच्या मुलांनीं कामाला लागावें, अशीच अपेक्षा असे.

२१ जुलै १९०४ रोजीं सातव्या एडवर्ड राजाच्या हस्तें या योजनेचें उद्घाटन झालें. काबान कोख हें सर्वांत खालचें धरण १२२ फूट उंच आहे. खोऱ्यांतून ७३ मैलांच्या जलवाहिनींतून पाणी तासाला दोन मैलांहूनही कमी वेगानें वाहतें आणि सुमारें दीड दिवसांत बर्मिंगहॅमला पोंचतें. एवढ्या प्रवासांत तें १७१ फूट खालीं उतरतें. त्याला ढकलावें लागत नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर शेजारच्या क्लायर्वेन नदीवर १८४ फूट उंचीचें आणखी एक धरण उभें राहिलें आणि १९५२ मध्यें तें सुरू झालें. युद्धांत पडलेल्या इमारतींच्या दुरुस्तींत ब्रिटनचे पाथरवट गुंतले असल्यानें त्याचे दगड घडविण्यास इटलीहून कारागीर आणले होते.

धरणें पुरीं झाल्यावर त्या आगगाडीचें काम संपलें. रूळ उखडले गेले, पण त्यांखालची सपाटी तशीच राहिली. आगगाडीसाठीं चढ मुद्दाम सौम्य ठेवलेला. त्यामुळें तिच्याच मार्गावर पुढें सायकलींची वाट झाली. रायडरलगतच्या गांवापासून क्रेग गोख या वरच्या धरणापर्यंत ती सुमारें नऊ मैल जाते. क्लायर्वेनच्या उत्तर कांठानें स्ट्राटा फ्लोरिडाकडे जाणारा खडबडीत मार्ग मात्र कसलेल्या सायकलस्वारांचा.

या वाटांवर लोकांना येऊं दिलें, याचें मूळही त्या १८९२ च्या कायद्यांतच आहे. त्यांत एक कलम असें होतें, कीं शहरानें घेतलेल्या उघड्या माळावर हवा, व्यायाम व विरंगुळा यांसाठीं लोकांना सदैव मोकळीक असावी. ज्या कायद्यानें खोऱ्यांतल्यांचीं घरें घेतलीं, त्यानेंच सर्वांना माळ खुला केला. पाणी निर्मळ राहावें म्हणून सुमारें सत्तर चौरस मैलांच्या त्या मुलखांत नांगर व कारखाना येऊं दिला नाहीं, म्हणून तो अजून मोकळा दिसतो.

पायीं जाणाऱ्याची सोय अशी झाली. सायकलस्वाराची व्हावयास आणखी काळ लागला. पक्का रस्ता सोडून डोंगरांतून सायकल नेणाऱ्या हौशी लोकांनीं १९५५ मध्यें वेल्सच्या सीमेजवळ लेम्स्टर येथें ‘रफ-स्टफ फेलोशिप’ नांवाचें मंडळ काढलें. अवघड जागीं ते सायकल खांद्यावर घेत. १९६८ च्या कायद्यानें इंग्लंड-वेल्समधील घोडेस्वारांच्या वाटांवर सायकल नेण्याचा हक्क मिळाला. पुढें १९७६ पासून कॅलिफोर्नियांत तमालपायस डोंगराच्या परिसरांत तरुण मंडळी जुन्या, वजनदार सायकलींवरून उतारावर शर्यती लावूं लागली. ब्रेक इतके तापत, कीं चाकाच्या तुंब्यांतलें वंगण जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे. त्या खटाटोपांतून आजची डोंगरी सायकल घडली. योगायोग असा, कीं त्या डोंगराच्या उत्तर उतारावरही शहरांस पाणी पुरविणारे जलाशयच आहेत.

पण वाट मिळाली कीं तिची झीजही आली. साधूंच्या त्या प्राचीन वाटेवर मोटारी व मोटारसायकली धांवूं लागल्या, तेव्हां ओल्या माळांत खोल चाकोऱ्या पडल्या आणि अखेर त्या वाहनांस बंदी करावी लागली. साधूंच्या पावलांनीं शतकानुशतकें न झालेलें नुकसान यंत्रांनीं थोड्या वर्षांत केलें.

१९६८ च्या कायद्यांत सायकलस्वाराला हक्क देतांना एक अट घातली आहे: पायीं चालणारा अथवा घोडेस्वार समोर आला, तर सायकलस्वारानें त्यास वाट द्यावी. अट लहान आहे, परंतु एलानच्या कांठीं तिचा अर्थ मोठा होतो. तेथील खंडकऱ्यांनीं आपलें सारें खोरेंच शहराला वाट म्हणून दिलें, आणि त्याबद्दल त्यांना कांहीं मिळालें नाहीं. त्यांच्या बुडालेल्या उंबरठ्यांवरून जाणाऱ्यानें क्षणभर थांबून समोरच्यास वाट दिली, तर तेवढ्यापुरतें तें ऋण फिटल्यासारखें होईल.