उतरून राम राम

अमळनेरच्या स्टेशन रोडला समोरून शाळेतले सर येताना दिसले की सायकलवरचं पोरगं ब्रेक दाबायचं, उजवा पाय कॅरियरवरून मागे काढायचं, डाव्या पायडलवर क्षणभर उभं राहायचं आणि सायकलबरोबर दोन पावलं पळत खाली उतरायचं. मग नमस्कार. सर मान हलवून पुढे गेले की पुन्हा टांग. आबा, आप्पा, मामा, कुणीही वडीलधारं पायी भेटलं तरी हेच. बरोबरीच्या माणसाला चालत्या सायकलवरून ‘राम राम’ चालायचं. पण त्याने ‘कथा चालनात?’ (कुठे निघालात?) विचारलं आणि बोलणं लांबणार असं दिसलं, की उतरावंच लागे आणि सायकल हातात धरून त्याच्या चालीने निम्मा रस्ता चालावं लागे. पाठमोऱ्या म्हाताऱ्यावर घंटी वाजवणं म्हणजे उद्धटपणा. खाकरायचं, नाहीतर ‘बाबा, जरा बाजूला व्हा’ म्हणायचं. अंत्ययात्रा दिसली की उतरायचं. वैशाखात गावच्या संत सखाराम महाराजांची पालखी निघाली, की मग तर विचारायलाच नको. त्या गर्दीत सायकलवर बसून राहणं जमलंही नसतं.

साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं, म्हणून मास्तरांना दिल्या जाणाऱ्या या मानाचं श्रेय त्यांच्या पदरात टाकायचा मोह होतो. पण ही चाल गुरुजींच्याच काय, सायकलच्याही आधीची. वाहनावर किंवा आसनावर बसलेल्या शिष्याने खाली उतरून गुरूला अभिवादन करावं, असं मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलं आहे. पुढे घोडा, पालखी, अंबारी यांच्या थाटात हा नियम दरबारी झाला. साताऱ्याच्या छत्रपतींना नेमून दिलेल्या मुलखात शिरताना पेशव्यांचासुद्धा नगारा थांबत असे, अशी नोंद ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने केली आहे. सत्ता पुण्याला गेली तरी मान साताऱ्याचाच. वर बसलेल्याने खाली यायचं, एवढंच या सगळ्याचं मूळ.

सायकलकडे हा वारसा सहज आला असं मात्र नाही. कार्ल ड्राइसने १८१७ साली जर्मनीत जे दुचाकी यंत्र चालवलं, त्याला पायडलच नव्हतं. पाय जमिनीलाच टेकवत पळायचं. मग पुढचं चाक जवळजवळ छातीइतक्या उंचीचं असलेली सायकल आली. तिच्यावर चढणं ही कसरत आणि उतरणं हा धोका. असल्या सायकलवरून कुणी कुणाला मान द्यायला उतरला असता तर आधी तोंडावर आपटला असता. जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये ‘रोव्हर’ काढली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळी, आणि बसणारा जमिनीच्या इतका जवळ की पाय टेकावा आणि उतरावं. आपली काळी, दांडीची सायकल तिच्याच घराण्यातली. सौजन्यालाही योग्य उंची लागते.

आपल्याकडे सायकल आधी साहेबाची, मग डॉक्टर-वकिलांची. त्या काळात सायकलवरचा माणूस म्हणजे धाकटा घोडेस्वारच, त्यामुळे तो उतरला तर त्यात वजन असे. १९५१ मध्ये अ‍ॅटलस आणि १९५६ मध्ये हीरो सायकल बनवू लागली. मग कामगार, दूधवाले, कॉलेजची पोरं असे सगळेच सायकलवर आले, आणि उतरायची रीतही त्यांच्याबरोबर सर्वांची झाली.

या कुळाची दुसरी शाखाही सांगायला हवी. ती आपण सहसा झाकून ठेवतो. वाहनावर कुणी बसावं हाच जिथे मानाचा प्रश्न, तिथे कुणी बसू नये हेही ठरलेलं असणार. आपल्याच खानदेशातली १९२९ सालची गोष्ट घ्या. डॉ. आंबेडकर धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. त्यांना महारवाड्यात न्यायचं होतं, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकणं एकाही टांगेवाल्याला पटेना. टांगा भाड्याने द्यायला ते तयार होते, हाकायला नाही. शेवटी महारवाड्यातल्या लोकांनी आपल्यातलाच एक गडी हाकायला बसवला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. टांगेवाल्यांची प्रतिष्ठा शाबूत राहिली.

सायकल आल्यावर तोच कायदा सायकलला लागला. वरच्या आळीतून जाताना दलिताने उतरून, सायकल हातात धरून चालायचं, असा दंडक देशातल्या कितीतरी गावांत होता. लांबून पाहणाऱ्याला सरांसाठी उतरलेलं पोरगं आणि हा माणूस सारखेच दिसले असते. फरक एवढाच, की पोरगं उतरलं नसतं तर सर फार तर वर्गात टोमणा मारते. दलितांना सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून रोखणं हा गुन्हा आहे, असं अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहावं लागलं. ती दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. कायद्याच्या पुस्तकात सायकल शिरते ती काही हौसेने नाही.

उतरण्याची रीत मोडली ती मोटारसायकलने आणि मोपेडने. लूनावरून उतरून नमस्कार करायचा तर स्टँड लावा, बंद पडली तर पुन्हा पायडल मारा. त्यापेक्षा हॉर्न देऊन मान हलवलेली बरी. न उतरणाऱ्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही, यंत्रच बदललं.

आता सायकल परत आली आहे, पण वेगळ्या रूपात. पहाटे हायवेवर हेल्मेटवाले दिसतात. त्यांच्यातले काही जण ब्रेव्हे करतात, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत. काहींचे बूट पायडलला अडकवलेले असतात, त्यामुळे पटकन उतरायचा प्रश्नच नाही. समोरून तसलाच दुसरा आला की हँडलवरची दोन बोटं उचलायची, बस्स. पंक्चर दिसलं तर मात्र थांबून ‘ट्यूब आहे का?’ विचारतात. नाव-गाव माहीत नसताना, नुसत्या सायकलीवरून ओळख धरायची ही चाल आपल्याकडे नवी आहे आणि मला ती आवडते. पण त्याच वेळी त्याच रस्त्याने हँडलला दोन्हीकडे कॅन लटकवून दूधवाला येत असतो. तोही सायकलवरच असतो, आणि त्याच्यासाठी ही बोटं क्वचितच उचलली जातात.