कवळीची किंमत

मागच्या महिन्यात माझी नवी कवळी आली. नातू म्हणतो, "आजी, तू आता जाहिरातीतल्या बाईसारखी हसतेस." हसते, पण जपून. दीड महिन्याचे पेन्शन तोंडात आहे! सवय होईपर्यंत चिवडा बंद, बोलणे कमी, म्हणून वाचन वाढले. ब्रिटनच्या ॲटली सरकारचे नाव मी वर्गात आपल्या स्वातंत्र्यापुरतेच घेत असे. त्याच सरकारात कवळीवरून फूट पडली होती, हे मला या वयात कळले.

५ जुलै १९४८ ला ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हा वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा, स्वतःही पोरवयात खाणीत उतरलेला. डॉक्टर, चष्मा, दात, सगळे फुकट. खर्च मुख्यतः करातून. दंतवैद्यांच्या दारात झुंबड उडाली. गोरगरिबांचे दात वर्षानुवर्षे किडत पडले होते. काही भागांत तर म्हणे मुलीचे सगळे दात लग्नाआधीच काढून कवळी बसवून देत, पुढे नवऱ्याला खर्च नको म्हणून. (वाचून मी नकळत जबड्याला हात लावला.) पुढे १९६८ च्या पाहणीतही इंग्लंड-वेल्समधल्या शेकडा ३७ प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. त्यात दंतवैद्याला पगार नाही, कामागणिक पैसे. मग अंदाजपत्रक कुठले टिकते?

१९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले. शस्त्रांसाठी तीन वर्षांत ४७० कोटी पौंड खर्चायचे ठरले. अर्थमंत्री ह्यू गेट्स्केलने एप्रिल १९५१ च्या अंदाजपत्रकात कवळीची आणि चष्म्याची साधारण निम्मी किंमत रुग्णावर टाकली. त्यातून पहिल्या वर्षी वाचणार होते १ कोटी ३० लाख पौंड! शस्त्रांच्या खर्चापुढे हे म्हणजे दर्यात खसखस.

बेव्हन तेव्हा कामगारमंत्री होता. त्याने राजीनामा दिला. मागोमाग हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन गेले. (विल्सन पुढे पंतप्रधान झाला, आणि फ्रीमन १९६५ मध्ये दिल्लीला ब्रिटनचा उच्चायुक्त म्हणून आला.) ऑक्टोबरात निवडणूक झाली, पक्ष हरला. दुसऱ्या वर्षी नव्या सरकारने औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आणि दातांच्या उपचारावर एक पौंड लावला. एकदा दार किलकिले झाले की काय होते, हे बेव्हनने बरोबर ओळखले होते. मात्र चिठ्ठीवर आकार लावण्याची मुभा देणारा कायदा १९४९ मध्ये त्याच्याच कारकिर्दीत झाला होता, हेही सांगितले पाहिजे. तरी माझे मत त्याच्याच बाजूने. तेरा शून्य शून्य करत हिशेब मांडणाऱ्याला भाकरी चावता येत होती.

त्या आकारणीची पुढे रूपे बदलली, पण इंग्लंडमध्ये ती उठली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलला एका दवाखान्याने सरकारी योजनेतले रुग्ण घेतो म्हटल्यावर रस्ताभर रांग लागली, पोलीस बोलवावे लागले.

आपल्याकडे १९४६ च्या भोर समितीने लिहून ठेवले होते की सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात दंतवैद्य जेमतेम हजार, आणि पुढे चार हजार लोकांमागे एक तरी हवा. १९४८ मध्येच आपलाही दंतवैद्यांचा कायदा झाला. तो त्यांच्या नोंदणीचा आणि शिक्षणाचा. रुग्णाच्या पैशांचा विषय त्यात नव्हताच.

माझ्या आईचे तोंड पन्नाशीतच बोळके झाले. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी एकेक करून दात काढले, पैसे घेतले नाहीत, वर प्रेमाने वागले. पुढची वीस वर्षे ती भाकरी दुधात कुस्करून खात होती. कवळीचे नाव तिथे कोणी काढले नाही. घरात आम्हीही काढले नाही.