बंदुकीवरची बॅटरी

अमेरिकेत घराच्या रक्षणासाठी पिस्तूल घेणाऱ्याला आज आणखी एक प्रश्न पडतो: त्यावर बॅटरी कुठली लावायची?

गंमत म्हणजे, हातातल्या बॅटरीची गोष्टही तिथल्या पोलिसांपासूनच सुरू होते. १८९९ साली डेव्हिड मिसेलला तिचं पेटंट मिळालं आणि काही नमुने न्यूयॉर्कच्या पोलिसांना वाटले गेले. तेव्हाचे सेल इतके दुबळे, की दिवा क्षणभरच चमकायचा. म्हणून नाव पडलं फ्लॅशलाइट.

बंदुकीवर ती बऱ्याच उशिरा रुळली. मे १९८० मध्ये लंडनच्या इराणी वकिलातीत घुसलेल्या ब्रिटिश कमांडोंनी बंदुकांवर बॅटऱ्या बसवल्या होत्या. १९९५ साली अमेरिकी सैन्याने पिकॅटिनी पट्टीचं माप ठरवलं. पुढे एलईडी आले. एकेकाळी ६५ लुमेन भारी वाटायचे, आज हजार मिळतात.

पण लुमेन वाढून एक गोष्ट बदलत नाही. उजेड जिकडे, नळी तिकडे. स्वयंपाकघरात खुट्ट झालं, तर कोण आहे हे बघण्याआधीच त्याच्यावर बंदूक रोखली जाते. आणि तो पाणी प्यायला उठलेला आपलाच मुलगा असला तर? २०१० साली टेक्सासमधल्या प्लेनो शहरात एका पोलिसाने, त्याच्या सांगण्यानुसार, दिव्याचं बटण दाबायला बोट आवळलं आणि गोळी सुटली. समोरचा माणूस दगावला.

असो. घरात बंदूक ठेवायचीच असेल, तर बंदुकीवरची बॅटरी कुठलीही घ्या. उशाशी मात्र हातातली, साधी बॅटरी हवी. आधी माणूस ओळखायचा, बाकीचं नंतर.